बोरमाळ, बकुळहार आणि उतारवयातील काया

घरातील जुनी दागिन्यांची पेटी उघडावी आणि एकेका अलंकाराचे नाव मोठ्याने घ्यावे. बोरमाळ, बकुळहार, जोंधळी पोत, जवमणी, पोहेहार, गोखरू, केवडा, चंद्रकोर, मासोळ्या. आपण सोन्यारुप्याची यादी वाचत आहोत की शिवारात फेरी मारून येत आहोत, असा प्रश्न पडावा. बोर आणि बकूळ, जोंधळा आणि जव, बांधावरचा सराटा, केवड्याचे पान, आभाळातील चंद्रकोर आणि ओढ्यातील मासोळी, ही सारी सृष्टी मराठी सोनाराने ठशाने आणि हातोडीने धातूत उतरवली आणि आपल्या आजी-पणजीने ती अंगावर बाळगली.

ज्यांनी हे अलंकार चाळीस-पन्नास वर्षे वापरले, त्यांपैकी अनेक जणी आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. बोटांची पेरे जाड झाली आहेत, कानाच्या पाळ्या ओघळल्या आहेत, त्वचा पातळ झाली आहे. कुणाची स्मृतीही अधूनमधून दगा देते. अशा वेळी बहुतेक घरांत एकच निर्णय होतो : सगळे काढा आणि लॉकरमध्ये ठेवा. त्यामागची काळजी खरी असते. परंतु लग्नापासून हातात असलेली पाटली एका दुपारी कायमची उतरते, तेव्हा त्या बाईच्या मनाला काय वाटते, हे सहसा कुणी विचारत नाही. याउलट काही घरांत 'राहू दे, सवयीचे आहे' म्हणून रुतलेली अंगठी आणि टोचणारी जोडवी तशीच राहतात आणि त्यांतून जखमा होतात. या दोन टोकांच्या मध्ये एक शहाणा मार्ग आहे. कोणता दागिना काढावा, कोणता ठेवावा आणि कोणता सोनाराकडून बदलून घ्यावा, याचा विचार आपण येथे करू.

रानावनातून आलेले घाट

आपल्या पारंपरिक दागिन्यांचे घाट रोज नजरेस पडणाऱ्या वस्तूंवरून घेतलेले आहेत. बोरमाळेचा मणी लहान बोराएवढा आणि तसाच लांबट गोल. जोंधळी पोतीतील मणी ज्वारीच्या दाण्यासारखे, पोहेहारातील पाकळ्या पोह्यासारख्या चपट्या. बकुळीचे फूल इवले, चांदणीसारखे. ते सुकले तरी त्याचा गंध राहतो. तशीच ठशात उठवलेली फुले एकमेकांना जोडून बकुळहार होतो. सराट्याचे काटेरी फळ म्हणजे गोखरू. अनवाणी पायाला रक्त काढणाऱ्या त्या फळावरून कारागिराने हातातील दागिना घडवला, त्यावर तशीच बारीक टोके काढली आणि नावही तेच ठेवले. शेतात ज्याच्यापासून जपून चालायचे, तेच सणाच्या दिवशी मनगटावर मिरवायचे, अशी ही गंमत आहे.

कोल्हापुरी साज तर सृष्टीचे छोटे संग्रहालयच म्हणावा लागेल. परंपरेने त्यात २१ पाने मानली जातात : १० विष्णूच्या अवतारांची, ८ अष्टमंगलाची, माणिक व पाचूची एकेक आणि उरलेले एक डोरल्याचे वा ताइताचे. त्यांत मासा आणि कासव आहेत, कमळ आणि बेलपान आहे, चंद्र, शंख आणि नागही आहे. पानांच्या मध्ये जवाच्या आकाराचे मणी ओवलेले असतात. ज्या बाईला अक्षरओळख नव्हती, तिलाही आपल्या गळ्यातील प्रत्येक पान बोटांनी चाचपून सांगता येत असे. हा स्पर्शाचा परिचय पुढे, स्मृतिभ्रंशाच्या संदर्भात, आपल्याला उपयोगी पडणार आहे.

हलकेपणाची कारागिरी

बोरमाळेचा मणी दिसतो भरीव. प्रत्यक्षात तो पोकळ असतो. सोने ठोकून त्याचा पातळ पत्रा करतात, तो ठशावर दाबून मण्याच्या दोन अर्धगोल वाट्या काढतात, त्या झाळून एक करतात आणि आत लाख भरतात. लाखेमुळे पातळ पत्र्याला आधार मिळतो, मणी चेपत नाही, आणि थोड्या सोन्यात मोठा, ठसठशीत दागिना होतो. ही लाख पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर राहणारा एक बारीक कीटक तयार करतो. म्हणजे बोराच्या आकाराच्या मण्यात कदाचित बोरीच्याच झाडावरची लाख असते.

जुन्या घडणीत अंगावर पडणाऱ्या भाराचाही विचार होता. कानातील कुडी जड झाली की पाळी ताणली जाते, म्हणून मोत्यांचा किंवा सोन्याचा वेल कानातून काढून केसांत अडकवला जाई. त्यामुळे पाळीवरचा बराचसा भार केस उचलत. ठुशीला आणि साजाला सरकत्या गाठीची दोरी असे. गळा भरला तर दोरी सैल करायची, उतरला तर आवळायची. पेचाच्या पाटल्या मनगटावरच उघडता-मिटता येत, त्यामुळे त्या मुठीवरून ओढून काढाव्या लागत नसत.

म्हणूनच दागिना सध्याच्या रूपात नकोसा झाला, तर तो पेटीत टाकण्यापूर्वी तो बदलता येईल का, हे पाहावे. शरीर बदलले की दागिनाही बदलून घ्यावा, ही रीत आपल्याकडे जुनीच आहे.

डोक्यापासून पायापर्यंत

कान : वर्षानुवर्षांच्या भाराने कानाचे भोक लांबते आणि कधी पाळी पूर्ण फाटते. फाटलेली पाळी स्थानिक भूल देऊन छोट्या शस्त्रक्रियेने जोडता येते. वय झाले म्हणून ती तशीच ठेवण्याचे कारण नाही. भोक लांबले असेल तर मागे मोठी, सपाट चकती असलेले हलके फूल घालावे, म्हणजे भार पसरतो. मोठ्या कुड्या सणापुरत्या, आणि त्याही वेलासह. रात्री कुशीवर झोपताना फिरकी कानामागे टोचते, म्हणून झोपण्यापूर्वी कानातले काढावे. ऐकण्याचे यंत्र वापरणाऱ्यांनी लोंबते कानातले टाळावे; ते यंत्राला घासून आवाज करते.

नाक : चमकीची फिरकी सैल आहे का, हे अधूनमधून पाहावे. दीर्घकाळ न काढलेली चमकी मांसात रुतू शकते. तेथे लाली, पू किंवा सूज दिसली तर ती घरी ओढून काढू नये.

गळा : लांब माळ वॉकरच्या दांड्यात किंवा खाटेच्या कठड्यात अडकते आणि तोल जाऊ शकतो. रोजच्या वापरासाठी गळ्याबरोबर बसणारी पोत बरी. मंगळसूत्रात सेफ्टी पिना अडकवून ठेवण्याची आपल्याकडे घरोघरी सवय आहे. पातळ त्वचेला आणि अंधूक दृष्टीला ती फार महागात पडते. पिना डबीत ठेवाव्यात. फाशाची कडी बारीक असेल आणि बोटे थरथरत असतील, तर सोनाराकडून मोठा हूक किंवा चुंबकी फासा बसवून घ्यावा. हृदयात पेसमेकर असेल, तर मात्र चुंबकी फाशाविषयी आधी डॉक्टरांना विचारावे.

मनगट : वाढत्या वयात त्वचेचा वरचा थर पातळ होतो, खालची चरबी घटते आणि बारीक रक्तवाहिन्यांचा आधार कमी होतो. रक्त पातळ ठेवणारी औषधे किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांना एवढ्याशा घासण्यानेही काळेनिळे डाग पडतात, क्वचित त्वचा सोलवटते. अशांनी गोखरूसारखे टोकदार दागिने रोज घालू नयेत. त्यांना गुळगुळीत कडांची एखादी बांगडी पुरे. काचेच्या बांगड्या पडल्यावर फुटतात आणि खोल चिरतात, हेही ध्यानात असावे. हातावर पडल्यास मनगट दुखत असो वा नसो, पहिल्या काही मिनिटांतच त्या हातातील बांगड्या, घड्याळ आणि अंगठ्या उतरवाव्यात. सूज नंतर चढते आणि मग त्या कापाव्याच लागतात.

बोटे : संधींच्या झिजेमुळे बोटांची पेरे जाड होतात. अंगठी पेराच्या खाली मोकळी फिरते, पण पेरावरून निघत नाही. अशी अंगठी जोराने ओढू नये. हात काही वेळ छातीपेक्षा उंच धरावा, थंड पाण्यात बुडवावा, मग साबण किंवा तेल लावून अंगठी हळूहळू फिरवत काढावी. तरीही न निघाल्यास सोनाराकडे किंवा दवाखान्यात जावे. बोट निळे किंवा पांढरे पडले, बधिर झाले किंवा ठणकू लागले, तर क्षणाचाही विलंब न करता अंगठी कापून घ्यावी. कापलेली अंगठी सोनार पुन्हा जोडून देतो. रक्त न पोहोचलेले बोट तसे जोडता येत नाही. पुन्हा घालायची असेल तर ती थोडी मोठी किंवा खालून उघडी करून घ्यावी, नाहीतर साखळीत ओवून गळ्यात घालावी. पुरुषांच्या अंगठीला आणि कड्यालाही हे सर्व लागू आहे. 'निघतच नाही' असे अभिमानाने सांगणारे आजोबा अनेक घरांत असतात.

पाय : येथे सर्वांत अधिक जपावे लागते. मधुमेहात पायांची संवेदना हळूहळू मंदावते. जोडव्याची उघडी टोके शेजारच्या बोटात रुतत असतात, पण बाईला वेदना कळत नाही. कळते तेव्हा जखम चिघळलेली असते. मधुमेही व्यक्तीने रोज रात्री जोडवी काढून बोटांच्या बेचक्या नीट पाहाव्यात, कोरड्या कराव्यात. स्वतःला वाकता येत नसेल तर घरातील कुणीतरी पाहावे. पायाला बधिरपणा असेल, पूर्वी जखम झाली असेल किंवा रक्तपुरवठा कमी असल्याचे डॉक्टरांनी सांगितले असेल, तर जोडवी आणि मासोळ्या पायात घालूच नयेत. सौभाग्याची भावना त्यांच्याशी जोडलेली आहे, हे आम्ही जाणतो. त्या देवघरात ठेवता येतात. लहान चांदीची मासोळी साडीच्या पदराला पिनेऐवजी टाका घालून लावता येते. पाय मात्र दुसरा मिळत नाही.

दागिना काय सांगतो?

रोज अंगावर असलेला दागिना हे एक मूक मोजमापही आहे. पूर्वी सैल असणारे पैंजण संध्याकाळी घोट्यावर वळ उमटवू लागले, तर पायावर सूज आहे. ती हृदय, मूत्रपिंड किंवा पायांतील शिरांच्या विकारामुळे असू शकते, तशीच रक्तदाबाच्या काही औषधांमुळेही. याउलट मनगटावर बसणारी बांगडी कोपराकडे सरकू लागली, अंगठी हात धुताना गळू लागली, तर वजन उतरत आहे. कारण न कळता वजन घटणे उतारवयात कधीही दुर्लक्षिण्यासारखे नसते. दागिना घट्ट झाला म्हणून काढला किंवा सैल झाला म्हणून दोरा गुंडाळला, एवढ्यावर न थांबता ही गोष्ट पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या कानावर घालावी.

धातू आणि त्वचा

दागिन्याखाली खाज, लाली, बारीक पुळ्या आणि नंतर काळसर खरखरीत डाग दिसला, तर निकेलची ॲलर्जी असू शकते. नकली दागिन्यांत आणि काही पांढऱ्या सोन्यात निकेल असते. घामात ते विरघळते आणि त्वचेत शिरते. पुरळ लगेच न येता एक-दोन दिवसांनी येते, त्यामुळे संशय भाजीवर किंवा साबणावर जातो. ही ॲलर्जी एकदा जडली की बहुधा आयुष्यभर राहते. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्ट्या लावून चाचणी करतात आणि निदान निश्चित करतात. अशा व्यक्तींना २२ कॅरटचे सोने, शुद्ध चांदी किंवा टायटॅनियम सहसा चालते.

अस्सल सोन्याच्या अंगठीखालीही कधी खाज येते. तेथे बहुधा दोष सोन्याचा नसतो. अंगठीखाली अडकलेला साबण आणि ओल त्वचेला त्रास देतात. भांडी घासताना, आंघोळ करताना अंगठी काढावी आणि बोट पुसून कोरडे करावे, एवढ्याने पुष्कळदा आराम पडतो.

चांदी काळी पडली की घालणाऱ्याच्या अंगात उष्णता किंवा रोग आहे, असे मानणारे अजून भेटतात. हवेतील आणि घामातील गंधकयुक्त घटकांशी संयोग होऊन चांदीवर काळा थर चढतो. त्यावरून रोगाचे निदान होत नाही.

आणखी एक प्रश्न वारंवार विचारला जातो : तांब्याच्या कड्याने संधिवात बरा होतो का? इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या ७० रुग्णांना आळीपाळीने तांब्याचे कडे, चुंबकी पट्टा आणि निष्प्रभ पट्टे वापरायला दिले होते. वेदना, सूज किंवा रोगाची वाटचाल यांत तांब्याच्या कड्याचा म्हणण्याजोगा फरक आढळला नाही. आवडत असेल तर कडे जरूर घालावे. त्याखाली पडणारा हिरवा डाग निरुपद्रवी असतो. त्याच्या भरवशावर औषध मात्र बंद करू नये.

रुग्णालयात जाताना

एमआरआय तपासणीत प्रबळ चुंबक असतो, म्हणून धातूचा प्रत्येक दागिना काढावा लागतो. छातीच्या एक्स-रेमध्ये मंगळसूत्राची सावली फुप्फुसावर पडते. शस्त्रक्रियेत रक्तस्राव थांबवण्यासाठी विद्युतप्रवाह वापरतात, तेव्हा धातू लागून असलेल्या ठिकाणी भाजण्याचा धोका असतो. शिवाय नंतर हातपाय सुजतात. भूल देताना सैल चमकी निसटून श्वासमार्गात जाऊ शकते. एवढी कारणे असताना रुग्णालयाच्या सूचनांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

पण वाद बहुधा भीतीतून येतो. नवरा आत शस्त्रक्रियेच्या टेबलावर असो वा आपण स्वतः, मंगळसूत्र काढणे अनेक वृद्ध स्त्रियांना अशुभ वाटते. त्यांची चेष्टा करू नये. धातूचा अंश नसलेली, नुसत्या दोऱ्यात गाठवलेली काळ्या मण्यांची पोत आधीच तयार ठेवावी आणि ती चालेल का, हे तेथील परिचारिकेला विचारावे. रुग्णालयात भरती होण्याच्या आदल्या दिवशी घरीच, शांतपणे, त्यांच्याच हातांनी दागिने उतरवू द्यावेत. एखादा दागिना निघतच नसेल तर तसे आधी सांगावे. आयत्या वेळी दागिने द्यावे लागलेच, तर त्यांची यादी करून घेणाऱ्याची सही घ्यावी.

आठवणींची पेटी

अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये एका लेखात असे मांडले, की वृद्धांचे गतकाळात रमणे हा बुद्धीचा ऱ्हास नसून आयुष्याचा हिशेब जुळवण्याची ती एक स्वाभाविक प्रक्रिया आहे. पुढे याच विचारातून स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी जुन्या वस्तू, छायाचित्रे आणि गाणी वापरून आठवणी जागवण्याची पद्धत रूढ झाली. तिचा लाभ सर्वांना सारखा होत नाही आणि ती आजार मागेही फिरवत नाही. परंतु काहींचे बोलणे वाढते, चित्त प्रसन्न होते आणि शुश्रूषा करणाऱ्यालाही त्या व्यक्तीची पुन्हा ओळख होते.

या कामी आपल्या दागिन्यांइतके सोयीचे साधन विरळा. त्यांना आकार आहे, वजन आहे, थंड स्पर्श आहे, आवाज आहे. आणि नाव घेताच त्यामागे बोरीचे झाड, बकुळीचा सडा, सुगीचे दिवस उभे राहतात. दुपारच्या उजेडात, गडद रंगाच्या कापडावर, एका वेळी एकच दागिना ठेवावा. तो त्यांच्या हातात द्यावा आणि थांबावे. 'हे काय आहे, ओळख बघू' अशी परीक्षा घेऊ नये. 'आई, ही बोरमाळ तू कुणाच्या लग्नात घातली होतीस?' किंवा सासूबाईंना 'तुमच्या माहेरी बकुळ होती का?' असे विचारावे. उत्तर चुकले तरी दुरुस्त करू नये. बोलल्या नाहीत आणि नुसते मणी चाचपत बसल्या, तरी ती वेळ वाया गेलेली नसते. डोळ्यांत पाणी आले तर पेटी झटकन मिटू नये. हात हातात घेऊन बसावे आणि विषय हलकेच बदलावा.

दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. आजार वाढलेल्या व्यक्ती वस्तू तोंडात घालतात, म्हणून सुटे मणी, सैल फिरक्या आणि जीर्ण दोऱ्याच्या माळा त्यांच्या हाती देऊ नयेत आणि जवळ कुणीतरी बसलेले असावे. दुसरी अधिक अवघड. स्मृतिभ्रंशात 'माझी पाटली चोरली' असा आरोप सुनेवर किंवा कामाच्या बाईवर होणे ही नेहमीची गोष्ट आहे. वस्तू आपणच कुठेतरी ठेवल्याचे मेंदू विसरतो आणि ती पोकळी संशयाने भरतो. अशा वेळी वाद किंवा शपथा निरुपयोगी ठरतात. 'चला, आपण दोघी मिळून शोधू' हे वाक्य घर सावरते. सुनेने तो आरोप मनाला लावून घेऊ नये. आणि घरातील इतरांनी तो आजाराचा भाग आहे, हे तिला उघडपणे सांगावे.

निर्णय कुणाचा?

दागिना सुरक्षित राहावा, ही मुलांची चिंता रास्त आहे. पण तो ज्यांचा आहे, त्यांना विचारल्याशिवाय काढून नेणे म्हणजे त्यांना घरातील वस्तूंप्रमाणे हलवणे होय. समज शाबूत असतानाच एकत्र बसून यादी करावी, छायाचित्रे काढावीत, कोणता दागिना कुणाला द्यायचा हे त्यांच्या तोंडून ऐकून लिहून ठेवावे. मौल्यवान दागिना लॉकरमध्ये ठेवायचा ठरला, तर त्याच घाटाचा चांदीवर सोन्याचे पाणी दिलेला हलका दागिना रोजसाठी करून घेता येतो. मात्र तो खरा म्हणून खपवू नये. त्यांच्या संमतीने करावा.

आपल्या समाजातील वृद्ध स्त्रियांत विधवांची संख्या मोठी आहे, आणि त्यांच्या अंगावरील दागिने प्रकृतीसाठी नव्हे, तर रूढीसाठी उतरवले गेले आहेत. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाने कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे आणि जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही त्याचा आदर्श घ्यावा असे परिपत्रक काढले. आपल्या घरात अशी आई, आत्या किंवा काकू असेल, तर पेटी उघडताना तिलाही बोलवावे. बकुळहार हे फुलांचे रूप आहे. त्यावर कुणाच्या असण्या-नसण्याची अट असू नये. तिने घालावाच असा आग्रहही नको. विचारणे पुरेसे आहे, आणि विचारून पाहिल्यावर उत्तरासाठी थोडे थांबणेही.

सोनाराकडे जाण्यापूर्वी

• दागिना ज्यांचा आहे, त्यांना शक्य असल्यास बरोबर न्यावे. बोटाचे माप संध्याकाळी घ्यावे, कारण तेव्हा बोट किंचित सुजलेले असते.
• लाख भरलेल्या दागिन्याचे एकूण वजन आणि त्यातील सोन्याचे वजन वेगळे असते. बदल करण्यापूर्वी दोन्हींची नोंद लिहून घ्यावी.
• असे दागिने गरम पाण्यात बुडवू नयेत. लाख मऊ होऊन मणी बिघडतो. ओलसर मऊ फडक्याने पुसावे. साध्या भरीव सोन्याचांदीला रिठ्याचे कोमट पाणी आणि मऊ ब्रश चालतो.
• टोके घासून गोल करणे, फासा मोठा करणे, पाटलीला पेच बसवणे, जोडव्याच्या कडा बोथट करणे ही छोटी कामे आहेत. ती सांगायला संकोच करू नये.
• जुना दोरा दरवर्षी तपासावा आणि पोत पटवेकऱ्याकडून पुन्हा गाठवून घ्यावी.
• नवा दागिना घेताना २२ कॅरट सोन्यावर ९१६, चांदीवर ९२५ असा शुद्धतेचा अंक पाहावा. सोन्यावर सहा अक्षर-अंकांची हॉलमार्क ओळखखूणही असते.

या पंधरवड्यात एक दुपार राखून ठेवावी. पेटी उघडावी, प्रत्येक दागिन्याचे नाव आणि त्यामागची गोष्ट विचारावी, आणि जाता जाता बोटे, मनगटे, कान आणि पायांच्या बेचक्याही पाहून घ्याव्यात. एखादी अंगठी मोठी करायची आहे, एखादे जोडवे कायमचे उतरवायचे आहे, एखादी पोत पुन्हा गळ्यात घालायची आहे, हे त्या तासाभरातच कळेल.